घरोबा शिकायचा तर कादंबरी उघडा

शाळेच्या वहीत ‘घरोबा असणे’ या वाक्प्रचारासमोर एकच ओळ लिहिलेली असते: घनिष्ठ संबंध असणे. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेत वाक्य लिहितात, ‘माझा आणि क्रिकेटचा घरोबा आहे.’ दिलेल्या अर्थाने पाहिलं तर वाक्यात चूक सापडत नाही, पण मराठी माणसाच्या कानाला ते लगेच खटकतं. घरोबा खेळाशी होत नाही. तो माणसामाणसात होतो, आणि खरं तर घराघरांत होतो. हे मुलाला सांगायचं कसं, असं पालक विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. व्याख्या सांगू नका, जुनी कादंबरी हातात द्या आणि ती कशी वाचायची ते सोबत बसून दाखवा. हा लेख त्या ‘कशी’बद्दल आहे. तो द्रोणागिरीत राहणाऱ्या पालकांसाठी, आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आणि सोसायटीत वाचनकट्टा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

द्रोणागिरीचं नाव मुद्दाम घेतलं. सिडकोच्या या नोडमध्ये घरोबा या शब्दाची दोन्ही टोकं एकमेकांना लागून आहेत. एका बाजूला बोकडवीरा, फुंडे, डोंगरी, पागोटे ही आगरी गावं. तिथे कोणाचं कोणाकडे किती पिढ्यांचं येणं-जाणं आहे हे पोरंसुद्धा सांगतात. दुसऱ्या बाजूला सेक्टर, टॉवर आणि बंदराच्या कामासाठी सातारा, सोलापूर, जळगावकडून आलेली कुटुंबं. १२ जानेवारी २०२४ला उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यावर ही ये-जा आणखी वाढली. टॉवरमध्ये शेजारी फ्लॅटच्या नंबराने ओळखला जातो, त्याचं आडनाव कळायला गणपती उजाडावा लागतो. इथल्या मुलांना हा शब्द अवघड जातो तो त्यामुळेच. त्यांनी ओळख पाहिलेली असते, मदत पाहिलेली असते, पण घरोबा जमायला जो काळ लागतो तो त्यांच्या इमारतीला अजून मिळालेलाच नाही.

आधी शब्दाच्या भावकीकडे पाहू. मराठीत जवळीक सांगणारे शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा वकूब वेगळा. ‘ऊठबस’ म्हणजे नुसता सहवास, त्यात बरं-वाईट काही नाही. ‘घसट’ म्हटलं की बोलणाऱ्याच्या आवाजात थोडा संशय येतो: ‘त्याची पुढाऱ्यांशी बरीच घसट आहे.’ ‘सलगी’ दुधारी आहे. ती लहानाने मोठ्याशी केली तर आगाऊपणा ठरते, मोठ्याने लहानाला दिली तर प्रेम. ‘लगट’ तर उघडच नको असलेली. ‘लोभ’ एकटा आला तर हाव, पण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ म्हटलं की तोच शब्द नम्र आणि गोड होतो. ‘स्नेह’ मराठेशाहीच्या पत्रांत दोन दरबारांच्या तहासाठीही वापरला जाई, त्यामुळे त्याला आजही थोडा पोशाखी वास आहे; स्नेहसंमेलन, स्नेहभोजन, स्नेहांकित ही त्याचीच मंडळी. ‘जिव्हाळा’ मात्र थेट शरीरातून आला. नखाखालच्या हुळहुळ्या जागेला जिव्हाळी म्हणतात. या सगळ्यांत घरोबा हा एकच शब्द असा, की ज्याच्या पोटात घर आहे. म्हणून तो शिकताना सुरुवात घरापासून करायची.

कोकणातल्या जुन्या घराचा नकाशा कागदावर काढा. अंगण, मग ओटी, मग माजघर, आत स्वयंपाकघर आणि देवघर, मागे परसदार आणि विहीर. मुलांना विचारा, की दारी आलेल्या माणसाला कुठपर्यंत येऊ दिलं जाई? अनोळखी माणूस अंगणात थांबे. ओळखीचा ओटीवर बसे आणि पाणी-सुपारी घेऊन जाई. घरोबा असलेला थेट माजघरात येई, आणि त्या घरातली बाई तर मागच्या दाराने स्वयंपाकघरापर्यंत. कोणी कुठे थांबायचं हे नुसत्या ओळखीवर ठरत नव्हतं, ते जातीवरही ठरत होतं, हे मुलांपासून लपवू नका. ते लपवलं की जुनी कादंबरी कळतच नाही. ज्या मुलाचं सगळं आयुष्य वन-बीएचकेत गेलं आहे, जिथे दार उघडलं की सोफा आणि सोफ्यामागे ओटा दिसतो, त्याला हा नकाशा आधी लागतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या प्रत्येक पानाला उपयोगी पडतं.

नकाशा झाला की ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५मध्ये ते प्रसिद्ध झालं. ते आईच्या मायेचं पुस्तक म्हणून आपण ओळखतो. पण एकदा ते शेजारपाजाऱ्यांकडे लक्ष ठेवून वाचा. कांडपाला येणारी मथुरी तापाने फणफणते तेव्हा आई तिच्याशी कशी वागते ते पाहा. मग ‘देवाला सारी प्रिय लेकरे’ ही रात्र उघडा (या पुस्तकात प्रकरणांना रात्री म्हटलं आहे), आणि तिथे घाई करू नका.

एक म्हातारी महार बाई. लाकडाची मोळी खाली पडलेली, ती परत डोक्यावर चढवायला कुणाचा तरी हात हवा. आजूबाजूला माणसं आहेत, पण शिवायचं कोणी? आई श्यामला पाठवते, मोळी उचलून दे म्हणते, आणि नंतर घरी येऊन अंघोळ कर असंही सांगते. मुलांसोबत इथे थांबा. पहिल्यांदा वाचताना मुलं मोळी उचलण्यावर खूश होतात. पुन्हा वाचताना कोणीतरी विचारतं, ‘मग अंघोळ कशाला?’ या प्रश्नासाठीच हे पान वाचायचं असतं. आईच्या मनात दया आहे, धीर आहे, गावाच्या बोलण्याला तोंड देण्याची तयारी आहे, पण त्या म्हातारीला ओटीवर बसवण्याइतकी वाट तिच्या काळाने तिला मोकळी ठेवलेली नाही. तिथे माणुसकी आहे, घरोबा नाही. या दोन शब्दांतला फरक यापेक्षा स्वच्छ दाखवणारं पान मला माहीत नाही. आणि तो फरक सांगायला लेखकाने घरोबा हा शब्द वापरण्याची गरजही नाही.

यातून वाचनाचा पहिला नियम निघतो. पुस्तकात शब्द शोधत बसू नका, शब्दाचा प्रसंग शोधा. चांगला कथाकार ‘तो मनमिळाऊ होता’ असं लिहून मोकळा होत नाही. तो माणसाला दुसऱ्याच्या घरात नेतो, बसवतो, खायला घालतो, आणि मग आपल्याला कळतं.

दुसरी गोष्ट संबोधनाची. मराठीत जवळीक सर्वनामात असते. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी होतं, कोण कोणाला तू म्हणू शकतो, कोणाला सात जन्म तुम्हीच म्हणावं लागतं, हे पाहिलं की नातं उलगडतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे मुद्दाम दाखवावं लागतं, कारण तिथे सगळ्यांना एकच शब्द. पेन्सिल घेऊन संवादातली संबोधनं अधोरेखित करायला सांगा: मास्तर, दादा, बाई, गड्या, लेका, पोरा. यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ सर्वांत उत्तम. १९५५ची ही छोटी कादंबरी माणदेशातल्या धनगरवाडीत बदलून आलेल्या तरुण शाळामास्तराची आहे. त्याचं त्या गावात कोणी नाही. मुलं मेंढरांमागे रानात, शाळा ओस. कारभारी पाठीशी उभा राहतो म्हणून शाळा भरते. हळूहळू वाडीतला आयबू येऊन बसू लागतो, आनंदा रामोशी येऊन बसू लागतो. आनंदा चोर म्हणून गावाला ठाऊक आहे, तरी त्याचा आणि मास्तरांचा जो विश्वास जमतो तो वाचताना अंगावर मूठभर मांस चढतं.

इथे घर कोणाचं? मास्तरांचं तर घरच नाही. तेव्हा मुलांना विचारा, की घर नसताना घरोबा कसा जमला? उत्तर त्यांनाच शोधू द्या. गावाने मास्तरांना कोणती कामं सांगितली, मास्तरांनी कोणती केली, कोणत्या कामावरून गैरसमज झाला, याची नोंद करत गेलं की उत्तर समोर येतं. परक्या माणसाला गाव काम सांगू लागतं तो दिवस महत्त्वाचा. पुढे वाडीत तालीम उभी राहते ती या जमलेल्या विश्वासावरच. आणि दुष्काळात माणसं वाडी सोडून जातात तेव्हा काय हरवलं हे वाचणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. अमोल पालेकरांनी १९९५मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला. तो जरूर दाखवा, पण पुस्तक संपल्यावर. आधी दाखवला तर मुलं संवाद कानाने ऐकत नाहीत, चित्र आठवतात. आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या ‘श्यामची आई’लाही हेच लागू.

बायकांचा घरोबा वेगळ्या वाटेने चालतो, आणि तो शिकायला हरिभाऊ आपट्यांकडे जावं लागतं. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९०पासून त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. यमुना आपली हकीकत स्वतः सांगते. तिची मैत्रीण दुर्गी. या दोघींचं बोलणं ओटीवर होणं शक्य नव्हतं, ओटी पुरुषांची. त्यांना सापडतो तो दुपारचा मोकळा वेळ, घरामागची जागा, माहेरी आल्यावरचे थोडे दिवस. दुर्गीच्या संसाराचे हाल यमुनेला कळतात ते अशा चोरट्या वेळांत. नवव्या-दहाव्या इयत्तेतल्या मुलींना हे वाचायला दिलं की त्या जास्त काही न सांगता समजतात. पुस्तक मोठं आहे आणि भाषा सव्वाशे वर्षांपूर्वीची. म्हणून सगळं वाचण्याचा हट्ट नको. यमुनेच्या लहानपणाचा भाग आणि दुर्गी जिथे येते ती प्रकरणं एवढं पुरे. बाकीचं ज्याचं मन लागेल तो स्वतः वाचेल.

मग थोडं कठीण पुस्तक: अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’, १९५९. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. वाटेगावात एका बाजूला शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी, दुसऱ्या बाजूला मांगवाड्यातले राणोजी आणि त्याचा मुलगा फकिरा. गावाच्या जत्रेसाठी जोगिणी आणताना राणोजी जिवाला मुकतो. पुढे दुष्काळ येतो, सरकारचा जाच येतो, आणि विष्णुपंतांना ठरवावं लागतं की आपण कोणाच्या बाजूचे. श्यामच्या आईच्या पानाशी हे ताडून पाहायला सांगा. इथेही वाड्याचा उंबरा आणि मांगवाडा यांच्यात जातीची भिंत आहेच, पण प्रसंग आल्यावर माणसं एकमेकांसाठी जे पणाला लावतात त्याने ती भिंत हलते. घरोब्याला किंमत असते आणि ती कधीतरी चुकवावी लागते, हे सणावाराच्या फराळातून मुलांना कळत नाही. ‘फकिरा’तून कळतं. माझ्या मते दहावीच्या आत प्रत्येक मराठी मुलाने हे पुस्तक वाचलेलं असावं.

मोठ्या वाचकांसाठी एक पुस्तक सुचवतो, विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, १९३९. युरोपातून येणारी बोट, तीवर हिटलरच्या छळातून सुटून निघालेले ज्यू, आणि चक्रधर व हेर्टा यांचं काही दिवसांचं नातं. तिथे ना घर, ना उंबरा, ना पिढ्यांची ये-जा. आपण न्हावा-शेव्याच्या बंदराला लागून राहतो, रोज जहाजं पाहतो. त्या जहाजांवरच्या माणसांची जवळीक कशी असेल याचा विचार करायला लावणारं मराठीत दुसरं पुस्तक क्वचितच सापडेल. लहानांना मात्र हे देऊ नका. त्यांच्यासाठी चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आहेत, तिथून सुरुवात केली तरी चालते.

आता वहीबद्दल. एका शब्दाला दोन पानं द्या. डाव्या पानावर पुस्तकातला प्रसंग आपल्या भाषेत लिहायचा: कोण, कोणाकडे, घरात कुठपर्यंत, काय म्हणून हाक मारली, काय दिलं-घेतलं. उजव्या पानावर त्या प्रसंगाला कोणता शब्द बसतो ते: ओळख, ऊठबस, सलगी, घरोबा, माणुसकी, जिव्हाळा. का बसतो, हे एका वाक्यात. शब्दकोश शेवटी उघडायचा, आधी नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२पासून सात भागांत निघाला. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. मुलाने स्वतः लावलेला अर्थ कोशातल्या अर्थाशी जुळतो का ते पाहण्यात खरी मौज आहे. जुळला नाही तर दोन्ही पुन्हा वाचा. काही पुस्तकंही कोशांसारखीच मोफत मिळू शकतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे हरिभाऊ आणि साने गुरुजी यांचं लेखन आता सर्वांना खुलं आहे. माडगूळकर आणि अण्णा भाऊ विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा, छायाप्रती फिरवू नका.

एक जपून वापरायची गोष्ट इथेच सांगतो. ‘घरोबा असणे’ आणि ‘घरोबा करणे’ यांत फार अंतर आहे. ‘तिने दुसरा घरोबा केला’ म्हणजे तिने दुसऱ्या पुरुषाशी संसार थाटला. जुन्या ग्रामीण कथांत हा प्रयोग पुष्कळ येतो. मुलाने भाबडेपणाने ‘आम्ही शेजाऱ्यांशी दुसरा घरोबा केला’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या भुवया वर जातील. म्हणून लिहिताना घरोबा ‘आहे’, ‘जमला’, ‘वाढला’, ‘तुटला’ ही क्रियापदं वापरायला शिकवा. आणि ‘मैत्रीपूर्ण वातावरण’, ‘फ्रेंडली स्वभाव’ अशा तयार जोड्या वहीतून काढून टाका. ‘शेजारच्या काकू आमच्याकडे चावी ठेवून गेल्या’ या वाक्यात जास्त मराठी आहे.

या कामात आपल्याला एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या बहुतेक वस्त्यांना नाही. बोकडवीऱ्याची किंवा फुंड्याची एखादी आजी वाचनकट्ट्यावर बोलवा. ज्यांची शेती बंदरात आणि नोडमध्ये गेली त्या पिढीतली बाई असेल तर फारच चांगलं. तिला विचारा, पूर्वी कोणाच्या घरात कोण न विचारता शिरायचं? भातलावणीला कोण कोणाकडे जायचं? हळदीला पहिली कोण यायची? ती आगरीत बोलेल. पाण्याला पानी म्हणेल, थोरल्या भावाला दादूस म्हणेल, आणि लाडक्या नातवाला हाक मारताना ‘जल्ला’ म्हणून शिवीच घालेल. मुलं हसतील. त्यांना हसू द्या, पण तिचं बोलणं सुधारू नका. जळो, मरो असे शब्द मायेने वापरायची रीत किनाऱ्यावर जुनी आहे. मालवणी ‘मेल्या’ही त्यातलाच. अशी हाक फक्त घरोब्याच्या माणसालाच मारता येते, परक्याला मारली तर भांडण होईल. ही गोष्ट पुस्तकातून शिकायला महिना लागेल, आजीच्या तोंडून ती एका संध्याकाळी कळते. साताऱ्याच्या काकांना ‘गड्या’ कधी म्हणतात ते विचारा, जळगावच्या मावशींना त्यांच्याकडचा शब्द विचारा. एकाच मजल्यावर तीन-चार जिल्ह्यांची मराठी राहत असताना ती न ऐकणं हे नुकसान आहे.

कट्टा चालवताना भाषण नको, प्रश्नपत्रिका नको. पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं, वाक्य अडलं तर थांबायचं. मोठ्यांनी अर्थ सांगण्याची घाई करायची नाही. वाचन क्लबहाउसमध्ये न घेता दर वेळी वेगळ्या घरी घ्या, म्हणजे मुलांना एकमेकांच्या घरात पाऊल टाकावं लागेल. चहाची जबाबदारी त्या घराची. पहिल्या बैठकीला ‘देवाला सारी प्रिय लेकरे’ आणि ‘मथुरी’ एवढ्या दोनच रात्री वाचा, त्या एका संध्याकाळी वाचून होतात. येत्या रविवारी आपल्या मजल्यावरच्या एका घराचं दार वाजवा आणि तिथल्या मुलांना वाचायला बोलवा.